वारं लागू नये म्हणून

यंत्राच्या मते ज्ञानेश्वरी ठणठणीत होती.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर शंभराचा आकडा लाल दिव्यांत झळकत होता. शाळेत तिला कुठल्याच विषयात शंभर पडले नव्हते. आज पडले, तेव्हा ती स्ट्रेचरच्या कडेवरून वाकून बादलीत ओकत होती. मधूनच मान वर करून तिनं आपल्या सख्ख्या आईकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणत्या पेशंटबरोबर आहात?"

"आगं माय! मी तुझी आई ना!" सत्यभामाबाई किंचाळल्या.

"बसा मग," ज्ञानेश्वरी म्हणाली. "डॉक्टर येतीलच."

मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सकाळच्या वेळी रडायलासुद्धा मोकळा कोपरा मिळत नाही. सत्यभामाबाई स्ट्रेचरच्या लोखंडी दांड्याला धरून उभ्या जागीच रडल्या. एका तरुण डॉक्टरनं ज्ञानेश्वरीचं बीपी घेतलं, पोट दाबलं आणि चिमट्यावरच्या शंभराकडे बघून समाधानानं मान हलवली.

"काय खाल्लं होतं?"

"डिंकाचा लाडू," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आणखी?"

"आणखी एक डिंकाचा लाडू."

डॉक्टरचा कल अपचनाकडे झुकला.

"अपचन नाही ते," मागून त्रिंबकराव म्हणाले. ज्ञानेश्वरीचे हे वडील वीज मंडळातून निवृत्त झाले होते. त्यामुळे जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही पण असते, तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. "त्या खोलीत काहीतरी आहे, साहेब. मांजरसुद्धा पाऊल टाकत नाही. पोरगी रोज सांगते, शेक झाला की पायथ्याशी एक बाई येऊन उभी राहते. मग छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. आमच्या सिल्लोडकडं एक जण आहे, लावू का त्याला फोन?"

"आधी आम्हाला बघू द्या, काका."

"बघा की. मी कुठं नको म्हणतोय? दोन्ही लाईन चालू ठेवू."

या सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, लक्ष्मीबाई उभी होती. ज्ञानेश्वरीचं एवढंसं बाळ दुपट्यात गुंडाळून तिनं छातीशी धरलं होतं. बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालायचं आणि शेक द्यायचा, हे तिचं काम. हर्सूलपासून सिडकोपर्यंत निम्म्या पोरांची नाकं तिनं तेलाच्या बोटांनी ओढून सरळ केली होती. जी नकटी राहिली ती दुसऱ्या कुणाच्या हातची, असं तिचं म्हणणं. एरवी ती बोलायला लागली की समोरच्याला मधे श्वास घ्यायला सापडत नसे. आज मात्र 'पायथ्याशी बाई' हे शब्द कानावर पडले आणि तिची वाचा बसली होती.

कारण ते शब्द तिनं आधी एकदा ऐकले होते. असेच, बाळंतिणीच्या तोंडून. ती बाळंतीण जगली नव्हती.

बाळ हलत नव्हतं. रडतही नव्हतं. सकाळी ज्ञानेश्वरीनं अंगावर घेतलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं होतं. लक्ष्मीबाईनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. त्यानं पाय ओढला, पण उपकार केल्यासारखा.

"येऊ नगस गं बाई," ती पुटपुटली. "लेकराकडं येऊ नगस."

ती हे कुणाला म्हणाली, ते तिथल्या कुणाला कळलं नाही.

*

डॉक्टर सुकेशनी आल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यात दोन पेनं खोचलेली होती आणि तिसरं त्या खिशात शोधत होत्या. त्या वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण कॅज्युअल्टीत काही वर्षं काढली की माणूस सगळ्यांपेक्षा मोठं दिसायला लागतं. त्यांनी आधी ज्ञानेश्वरीकडे बघितलं, मग चिमट्याकडे. मग, आश्चर्य म्हणजे, ज्यांना कुणीही बघत नव्हतं त्या नातेवाईकांकडे.

"काका, कपाळ का दाबताय?"

"टेन्शन."

"आणि मावशी, तुम्ही?"

"माझं डोकं तर आठवडाभर उठलंय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "घणाचे घाव घातल्यासारखं. भाजीला बाहेर पडले की उतरतं, घरात आले की पुन्हा चढतं."

"माझ्यामुळं चढतं म्हणते," त्रिंबकराव म्हणाले. "मी दिवसभर क्रांती चौकात मित्रांत असतो, तरी."

डॉक्टर हसल्या नाहीत. "घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतंय. बाहेर गेलं की बरं वाटतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या आणि लक्ष्मीबाईपाशी आल्या. दुपटं बाजूला करून बाळावर वाकल्या. त्याचे डोळे उघडून पाहिले, छातीला नळी लावली. मग उठता उठता थांबल्या आणि नाक पुढं केलं.

"कसला वास येतोय? ओवा?"

आपल्या धंद्याची गोष्ट निघाली तशी लक्ष्मीबाईची वाचा परत आली. "ओवा, बाळंतशेपा अन् चिमूटभर वावडिंग. धुरी दिली की लेकराला सर्दी होत नाय."

"कशावर देता?"

"शेगडीवर. कोळसे चांगले फुलले की मंगच टाकायचं."

"आणि शेगडी कुठं ठेवता?"

"बाजंखाली. आन् कुठं? बाळंतीण वर, शेगडी खाली. आंघोळ झाली की तासाभराचा शेक. मंग कशी झोप लागती, बगा! हलवलं तरी उठत नाय."

शेवटचं वाक्य तिनं नेहमी अभिमानानं म्हणायचं, तसंच म्हटलं होतं. आज ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिथंच, दोघींच्या मधे, लोंबकळत राहिलं.

"खिडकी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती मी बंद केली," त्रिंबकराव पुढं झाले. "स्वतः. काचेच्या कडेनं टेप लावलीय. दाराखाली गोधडी. मुंगी आत येणार नाही. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून."

 डॉक्टर सुकेशनींचा आवाज बदलला. तो मोठा झाला नाही, पण कॅज्युअल्टीतली चार माणसं हातातलं काम टाकून वळली.

"सिस्टर, पिशवीचा मास्क. पूर्ण फ्लो, पिशवी फुगलेलीच राहिली पाहिजे. बाळाला हूड, तोही फुल ऑक्सिजन, आणि मुलांच्या डॉक्टरांना बोलवा. आईचा ईसीजी. दोघांचं रक्त वरच्या मशीनवर पाठवा. नुसता ऑक्सिजन नको, कार्बन मोनॉक्साइड किती तो आकडा हवा म्हणावं. आकडा येईपर्यंत थांबू नका." मग तरुण डॉक्टरकडे वळून, "तो चिमटा काढू नकोस. फक्त त्याचं ऐकू नकोस."

"पण मॅडम, शंभर..."

"म्हणूनच ऐकू नकोस."

ज्ञानेश्वरीच्या तोंडावर मास्क आला. तिनं तो ओढायचा प्रयत्न केला. सत्यभामाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. मुलीला आपण कोण ते माहीत नाही म्हटल्यावर रागावण्याचाही अधिकार राहत नाही, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

"म्हणजे मॅडम," त्रिंबकरावांनी घसा खाकरला, "बाहेरचं काही नाही?"

"बाहेरचं आलं असतं तर बरं झालं असतं, काका. बाहेरची हवाच यायला पाहिजे होती." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टर थोड्या थांबल्या. "एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, माहितीय ना?"

"मीसुद्धा धरलीय. फुलंब्रीच्या गाडीत."

"तसंच आहे. रक्त म्हणजे एसटी. त्यातल्या सीटवर ऑक्सिजननं बसायचं असतं. कोंडलेल्या खोलीत कोळसा धुमसला की एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो खिडकीतून आधीच रुमाल टाकतो, आणि एकदा बसला की उठता उठत नाही. ऑक्सिजन बापडा खाली उभा. हा चिमटा म्हणजे आपला कंडक्टर. तो फक्त सीट भरल्यात का तेवढं बघतो. कोण बसलंय ते बघत नाही."

"मग आता?"

"आता ऑक्सिजनची एवढी गर्दी आत सोडायची की बसलेल्याला उठावंच लागेल. वेळ लागतो. पण उठतो."

त्रिंबकरावांना हे पटलं. एसटीतल्या माणसाला कसं उठवावं लागतं, याचा त्यांना अनुभव होता. ते सावकाश खाली बाकावर बसले. खिडकीला टेप लावताना ती कुठं सुटू नये म्हणून त्यांनी नखानं दाबून दाबून बसवली होती. आता ते त्याच नखाकडे बघत होते.

"आणि ती बाई?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "पायथ्याशी उभी राहणारी?"

"तीही त्याचीच. मेंदूला हवा कमी पडली की तो काहीही दाखवतो, मावशी. बहुतेक ओळखीचंच कुणीतरी उभं करतो. आवाज ऐकू येतात. छातीवर ओझं वाटतं."

लक्ष्मीबाईच्या हातातून बाळ केव्हाच गेलं होतं. तिचे हात मात्र अजून बाळ धरल्यासारखेच होते. डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं.

"तुम्हीही शेक देताना आत असता ना? डोकं दुखतं?"

"माझं तर जल्मापासून दुखतंय."

"या इकडं. यांनाही मास्क लावा."

*

मास्क लावलेल्या माणसाला बोलता येत नाही. लक्ष्मीबाईच्या आयुष्यात ही गोष्ट पहिल्यांदा घडत होती. तिला स्टुलावर बसवलं होतं, समोर काचेच्या डब्यात बाळाचं डोकं, पलीकडे ज्ञानेश्वरी. पिशवी फुगत होती, बसत होती. बोलता येत नसलं की माणसाला ऐकावं लागतं, आणि लक्ष्मीबाईला जे ऐकू येत होतं ते फार जुनं होतं.

"आये, काकी बग ना. पायथ्याशी उभी हाय."

कौशी. तिची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला फुलंब्रीच्या वस्तीवर आलेली. त्या वर्षी मेंढरं चांगल्या भावात गेली होती, आणि दोघा भावांनी मिळून जुन्या मातीच्या धाब्याच्या घराशेजारी स्लॅबची खोली घातली होती. धनगरवस्तीवरची पहिली. जुन्या धाब्याला साणं असायचं, म्हणजे छतालाच ठेवलेलं भोक. त्यातून चुलीचा धूर जायचा, वरून उजेड यायचा, आणि पावसाळ्यात पाणीही. स्लॅबला असलं काही नव्हतं. लोक येऊन भिंतीवर हात फिरवून बघायचे. कौशीचं बाळंतपण कुठं करायचं याचा कुणी विचारसुद्धा केला नाही. नव्या खोलीतच. थंडी मरणाची होती. लक्ष्मीबाईनं घमेलंभर इंगळ बाजेखाली सरकवले होते आणि दाराला पटकूर लावलं होतं.

आणि कौशीला काकी दिसायला लागली.

काकी म्हणजे बानाबाई, लक्ष्मीबाईची धाकटी जाऊ. तिच्या पोटी लेकरू नव्हतं. ती खरंच सारखी दारातून डोकवायची, हेही खोटं नव्हतं. ज्या बाईला आपलं नाही तिनं दुसऱ्याचं बघू नये, असं तिला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. ती बघत राहायची.

त्या दिवशी लक्ष्मीबाई धुणं घेऊन विहिरीवर गेली. परत आली तेव्हा बानाबाई वाड्यात, मेंढरांत, उन्हाला पाठ करून बसली होती आणि तिच्या ओट्यात कौशीचं लेकरू रडत होतं. चांगलं खणखणीत. लक्ष्मीबाईनं लेकरू हिसकून घेतलं आणि खोलीचं दार लोटलं.

कौशी झोपल्यासारखी होती. न्हाऊन उठल्यावर दिसावी तशी गुलाबी. बायकांनी गर्दी केली. तेज बघा गं, म्हणाल्या. मग कुणीतरी हळूच म्हणालं, हिला पायथ्याशी कोण दिसत होतं? बंद खोलीचं दार कुणी उघडलं? बाहेरचं आत कुणी सोडलं? लेकराच्या बदल्यात आई कुणी दिली?

कोण म्हणालं, ते लक्ष्मीबाई स्वतःला नेहमी असंच सांगत आली होती. कुणीतरी म्हणालं. पण मास्कमधे वाफ धरत होती आणि त्या वाफेत तिला तिचाच आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

बानाबाईनं एक शब्द काढला नव्हता. तेराव्यानंतर तिनं आपली दोन भांडी उचलली आणि ती वस्तीच्या टोकाला, शेळ्यांच्या खोपटात राहायला गेली. पुढं तिचा नवरा गेला, तेव्हाही लक्ष्मीबाई गेली नाही. लेकराला घेऊन ती शहरात आली, लोकांच्या बाळंतिणींना शेक द्यायला लागली. कौशीला वाचवता आलं नाही म्हणून दुसऱ्यांच्या लेकींना ऊब द्यायची, असं तिचं मन म्हणे. दार मात्र ती स्वतः बंद करायची. पटकूर स्वतः लावायची. बानाबाई आत येऊ नये म्हणून.

पिशवी फुगली, बसली.

*

रक्ताचा आकडा आला तो डॉक्टरांनी पाहिला आणि जे चाललं होतं तेच चालू ठेवायला सांगितलं. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांशी त्या फोनवर बराच वेळ बोलल्या. दाबाखाली ऑक्सिजन देणारी टाकी असते, तिथपर्यंत न्यावं का, असं काहीतरी. शेवटी बाळ दूध मागायला लागलं आणि त्या प्रश्नाची घाई कमी झाली. ते रडलं. कॅज्युअल्टीत रडण्याला कुणी मान वर करत नाही, पण या रडण्याला तीन सिस्टर हसल्या.

दुपारी ज्ञानेश्वरीनं मास्कच्या आडून आईकडे पाहिलं. "आई, तू केस का नाही विंचरलेस?"

सत्यभामाबाईंनी ज्या पद्धतीनं त्याचं उत्तर दिलं, त्यावरून पलीकडच्या स्ट्रेचरवरच्या माणसाला वाटलं, इथं कुणीतरी गेलं. त्रिंबकराव बाहेर पॅसेजमधे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "मी घरी फोन केला. शेजाऱ्यांना सांगितलं, टेप काढा. सगळी." मग थोड्या वेळानं, "सिल्लोडवाल्याला नाही केला."

डॉक्टर सुकेशनी ज्ञानेश्वरीला बघून वळल्या. "दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा विसरायला झालं, चालताना तोल गेला, तर लगेच आणायचं. गेलं म्हणून सोडून द्यायचं नाही. हे लांबून परत येऊ शकतं." हे त्या सत्यभामाबाईंना सांगत होत्या. पण मान लक्ष्मीबाईनं हलवली.

तिचा मास्क काढला होता. नाकावर त्याचा वळ उठला होता.

"मॅडम," ती म्हणाली. "येक इच्यारू?"

"विचारा की."

"ह्यानं माणूस मेलं, तर ते... गुलाबी दिसतं का?"

डॉक्टरांच्या भुवया जवळ आल्या. "दिसतं कधीकधी. जिवंतपणी सहसा नाही. गेल्यावर. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. लई बाळंतिणी पाह्यल्या ना." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "अन् समजा, तशा खोलीतून कुणी लेकरू उचलून भाईर नेलं. उन्हात बसलं घिऊन. तर?"

"तर ते वाचलं असतं."

"आपसूक?"

"आपसूक कसं? ज्यानं नेलं त्यानं वाचवलं."

 डॉक्टर अंबाड्यातलं एक पेन काढून पुढच्या स्ट्रेचरकडे गेल्या. नेहमीच्या कामासाठी आणलेली ओव्याची पुरचुंडी लक्ष्मीबाईच्या कमरेला खोचलेली होती. तिनं ती काढली, बघितली आणि परत खोचली. टाकून द्यायची तर कुठं टाकायची, तेही सुचलं नाही.

*

तिचा नातू इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत कामाला होता. तो नातू, पण हाक 'माय' अशीच मारायचा, कारण दुसरी कुणी त्याला ठाऊक नव्हती. रविवारी त्यानं मोटारसायकल काढली.

"फुलंब्रीला कामून?" त्यानं विचारलं. "तिथं आता कोण हाय आपलं?"

"हाय."

"कोण?"

"गाडी चालव."

वस्ती आता ओळखू येत नव्हती. सगळी स्लॅबचीच घरं. ती खोली मात्र तशीच होती, रंग उडालेली, दाराला कुलूप. लक्ष्मीबाई तिच्यासमोरून मान खाली घालून गेली.

टोकाच्या खोपटापाशी शेळ्या बांधल्या होत्या. बानाबाई उन्हात बसून पाला तोडत होती. ती फार लहान झाली होती. माणसं म्हातारी होतात तशी नव्हे, कुणी हळूहळू खोडून काढल्यासारखी. लक्ष्मीबाईला बघून ती उठली आणि आधी तिनं एकच गोष्ट केली. इंद्रजीतच्या मोटारसायकलवर मागं आणखी कुणी बसलंय का ते पाहिलं.

"नातसून न्हाई ना आली संगं?"

"नाय."

"बरं झालं. पोटुशी हाय आसं आयकलं." ती दोन पावलं मागं सरकली. "म्या तर रस्त्यानं बी आसली बाई दिसली की शेतातून जाते. कशाला कुनाला."

लक्ष्मीबाईनं वाटेत सगळं पाठ केलं होतं. एसटी, रुमाल, कंडक्टर. पण ते सगळं या बाईसमोर फार लांबचं वाटलं. ती खोपटाच्या उंबऱ्यावर बसली.

"बाना, पानी दे."

बानाबाई हलली नाही. "इंदरला सांग. रांजणावर तांब्या हाय. त्याच्या हातनं घे."

"तुझ्या हातचं दे."

रांजण दारातच होता. बानाबाईला तांब्या बुडवायला फार वेळ लागला. लक्ष्मीबाई पाणी वरून न ओतता तांब्याला तोंड लावून प्याली. मग तो इंद्रजीतकडे दिला. "पी."

लहानपणापासून या गावाकडं, या बाईकडं बघायचंसुद्धा नाही असं ऐकत आलेला इंद्रजीत गोंधळला. पण माय म्हणाली म्हणून प्याला. बानाबाई त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघत राहिली. पाणी खाली उतरताना ती हलत होती.

"लई मोठा झाला," ती म्हणाली. "त्या दिशी हातात मावला व्हता."

"इंदर, शेळ्यांकडं बघ जरा," लक्ष्मीबाई म्हणाली. तो गेला. मग तिनं सांगितलं. जसं जमेल तसं. शेगडी, कोंडलेली खोली, कोळशाचा वास नसलेला वायू, गुलाबी चेहरा. ज्ञानेश्वरीनं पायथ्याशी पाहिलेली बाई. डॉक्टरनं दिलेलं उत्तर. शेवटी म्हणाली, "तू लेकरू भाईर नेलं म्हून ते जगलं."

बानाबाईच्या हातातला पाला तसाच राहिला. शेळी मान लांब करून तो खाऊन गेली, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"म्हंजी," ती म्हणाली, "म्या नव्हते?"

"नाय."

"कौशीच्या पायथ्याशी म्या नव्हते?"

"तू मेंढरात व्हतीस. लेकराला ऊन देत."

"मला वाटायचं..." बानाबाई थांबली. "समदे म्हनत्यात म्हंजी आसंल. आपल्याला ठावं नसतं, आपल्यात काय हाय ते."

लक्ष्मीबाईनं कमरेची पुरचुंडी काढली आणि दोघींच्या मधे ठेवली. उगाच. हातात काहीतरी हवं म्हणून.

"पर बाई, येक हाय," बानाबाई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली गेला होता. "लेकरू रडत व्हतं म्हून आत गेले. लई कोंदट व्हतं. कौशीला हाक मारली, उठली नाय. झोपली आसंल म्हनलं. निघताना दार उघडंच ठिवनार व्हते." तिनं मान वर केली नाही. "मंग वढून घेतलं. तू रोज सांगायची ना. बाळंतिनीला वारं लागू नये म्हून."

लक्ष्मीबाईनं डोळे मिटले. बाहेर इंद्रजीत शेळीला काहीतरी बोलत होता, शेळीही उत्तर देत होती.

"चैतात त्याच्या बायकूचं बाळंतपन हाय," लक्ष्मीबाई म्हणाली. "म्या शेगडी लावनार नाय. पर माझ्या हाताला सवय हाय, बाना. लई वर्सांची. म्या उठंन अन् जाऊन दार लावंन. मला कळनार बी नाय." ती थांबली. "तू ये. दार उघडायला."

 उन्हं कलली होती. शेताकडून वारं सुटलं आणि सरळ खोपटात शिरलं. मधे ठेवलेली पुरचुंडी सुटली, ओवा उंबऱ्यावर पसरला. दोन्ही म्हाताऱ्यांनी पदर अंगाभोवती लपेटून घेतले.

दाराशी बसली होती ती लक्ष्मीबाई. सवयीनं तिचा हात दाराच्या फळीपर्यंत गेला. तिथंच थांबला. मग तिनं तो आपल्या मांडीवर आणून ठेवला, आणि बानाबाईनं त्यावर आपला ठेवला. वारं आत येत राहिलं.